सरव्याचं बेणं

गोरेगावच्या जीपमध्ये बसतानाच शकुबाईला काहीतरी खटकलं होतं. ड्रायव्हरने तिची पिशवी आपण होऊन टपावर चढवली आणि दात काढत विचारलं, "काय काकू, अजून किती दिस आमच्या जीपनं फिरता?" मागच्या बाकावरच्या दोघीतिघी खुदकन हसल्या. शकुबाईला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. लेकीचं, सृष्टीचं, बाळंतपण उरकून ती बारा दिवसांनी जवळा बाजारहून घरी निघाली होती. डोळ्यांत झोप होती, अंगाला शेपा-ओव्याचा वास होता. म्हणत असतील काहीतरी, असं म्हणून तिने पदर डोक्यावर ओढला आणि गाव येईपर्यंत डुलकी काढली.

घरी आल्यावर तिने पिशवी ओट्यावर टेकवली, तांब्याभर पाणी घशात ओतलं आणि ती तशीच मागच्या कडुनिंबाखाली गेली. घरात नवरा होता, गोठ्यात गाय होती, पण तिला आधी पाहायचं होतं ते बेणं. बाईची ही जुनी खोड होती. हळद काढली की बुडाशी बसलेले मोठे जेठे गड्डे ती एकेक निवडून बाजूला काढायची, सावलीत त्यांचा ढीग घालायची, वर हळदीचाच वाळला पाला अंथरायची आणि लावणीपर्यंत दर आठवड्याला आत हात घालून पाहायची. सड लागली की नाही ते वासावरून कळतं, आणि ऊब हाताला कळते.

आणि हे बेणं काही साधं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या बापाने बैलगाडीतून दोन पोती आणून याच कडुनिंबाखाली टाकली होती. "पोरी, सोनं मोडता येतं, हे मोडू नको," असं म्हणून म्हातारा पाणीसुद्धा न पिता परत गेला होता. तेव्हापासून दरसाल तेच बेणं वीस गुंठ्यांत लागत आलं. लांब हळकुंड आणि आत शेंदरी गाभा. हिंगोलीच्या बाजारात व्यापारी तिचं हळकुंड मोडून पाहायचे आणि दुसऱ्याला दाखवायचे.

शकुबाईने पाला बाजूला करून कोपरापर्यंत हात घातला. हाताला पालाच लागला. तिने आणखी आत घातला, तर बोटांना काहीतरी टोचलं. तिने ओढून काढलं, तर ती पऱ्हाटी होती, कापसाची वाळलेली काडी. मग ती दोन्ही हातांनी ढीग उपसत सुटली. आत नुसती पऱ्हाटी रचलेली होती, आणि वर पाला असा नीट बसवलेला होता की तिने स्वतः घातला असता तरी याहून नीट बसला नसता.

"आवो!" ती ओरडली. "आवो, इकडं या!"

तातेराव ओट्यावरून उतरून आला. कमरेला पट्टा होता. वीस वर्षं त्याने हिंगोलीत हळदीची पोती पाठीवर वाहिली होती आणि त्यात पाठ गेली ती गेलीच. टीव्हीवर जाहिरात पाहून त्याने तो पट्टा मागवला होता. दुखणं काही कमी झालं नाही, पण पैसे गेलेत म्हणून तो दिवसभर बांधून बसायचा.

"बेणं कुठंय?"

"तू आधी बस."

"बसते मग. बेणं कुठंय?"

"इकलं," तातेराव म्हणाला. पण त्याचा चेहरा चोराचा नव्हता. उलट पोराने पहिला नंबर काढल्यावर बापाचा होतो तसा होता. "आगं, ऐक तर. चारचाकी निघाली आपल्या नावानं. बक्षिसात. तू आल्यावर सांगायचं म्हणून साऱ्या गावाला दम देऊन ठेवला व्हता म्या."

त्याने पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. सातबारा, आधार कार्ड आणि लेकीच्या लग्नाची पत्रिका यांच्यामध्ये ते पत्र जपून ठेवलं होतं. जाड चकचकीत कागद, वर लाल गाडीचं चित्र, खाली तीन गोल शिक्के आणि एक खरवडायचं कार्ड. कार्डावरचा चंदेरी रंग तातेरावने रुपयाच्या नाण्याने इतका हलक्या हाताने खरवडला होता की आतलं एक अक्षर बिघडलं नव्हतं. पट्टा विकणाऱ्या मंडळींनीच गिऱ्हाइकांची सोडत काढली म्हणे. नाव पूर्ण होतं, बापाच्या नावासकट.

"आन त्यासाठी बेणं इकलं?"

"नोंदणीचे पैसे भराया लागत्यात. गाडी फुकट, नोंदणी आपली. त्यात वावगं काय? त्यायनं सारं समजून सांगितलं फोनवर. 'तातेरावजी' म्हणतो तो साहेब. जी! हिंगोलीत वीस वर्सं वझं वाहिलं, कोन्या मायच्या लालानं 'ए हमाल' सोडून हाक मारली न्हाई."

"खोटं असलं तर?"

"रजिस्टरनं आलंय!" तातेराव उसळून म्हणाला. "सही करून घेतलंय म्या. तहसीलची नोटीस रजिस्टरनं येती, कोर्टाचा कागद रजिस्टरनं येतो. त्यातलं आजवर कवा खोटं निघालं का?"

 शकुबाईच्याही पाहण्यात रजिस्टरने आलेला कागद कधी खोटा निघाला नव्हता. मोजणीची नोटीस आली तशी मोजणी झाली होती. ती पाल्याच्या ढिगाशेजारी बसली आणि तिला रडू फुटलं. बारा दिवस ती लेकीच्या उशाशी बसलेली असताना या माणसाने फोनवर रोज विचारलं होतं, बाळ कसंय, तू जेवलीस का. आणि इथे तो पऱ्हाटी रचत होता. गावाने पेढे खाल्ले होते, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून तातेरावांचं अभिनंदन झालं होतं, आणि तातेराव एवढंच जाणून होता की बायको आली की तिला गाडीचं पत्र दाखवायचं. पऱ्हाटी कशाला रचली, हे विचारल्यावर तो जरा चाचरला. म्हणाला, "येणाऱ्या-जाणाऱ्याला रिकामी जागा दिसू ने."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धम्मानंदकडे गेली. गावचं पोस्ट म्हणजे धम्मानंदच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक तराजू, शिक्क्यांचं खोकं आणि भिंतीला तारखांची पाटी. पोस्टमास्तर तोच आणि पोस्टमनही तोच. सायकलवरून दोन वाड्या आणि एक तांडा करायचा.

"काकू, म्या बोललो व्हतो काकायला," तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. "असले कागद लई येऊन राहिले, म्हणलं. तर म्हणाले, धम्मा, तुझं पोट दुखून राहिलं."

"तुला ठावं व्हतं तर आणलं काहून?"

"आणावं लागतं. ज्याच्या नावाचं टपाल त्याला देणं, एवढंच माझ्या हाती. फोडून बघता येत न्हाई." धम्मानंदने शिक्का शाईच्या गादीवर ठेवला. "रजिस्टर म्हंजे कागद पोचल्याची खात्री, काकू. आत लिहिलंय ते खरं असल्याची न्हाई. दोन रुपयाचा खोटेपणाबी रजिस्टर करता येतो."

हे वाक्य शकुबाईने घरापर्यंत जपून नेलं आणि तातेरावपुढे ठेवलं. तो ऐकेना. मग धम्मानंदच संध्याकाळी आला आणि त्याने वाद न घालता एक गोष्ट सुचवली. काकांनी कंपनीला पत्र लिहावं. जी काय रक्कम राहिली असेल ती बक्षिसातून कापून घ्या आणि बाकीचं पाठवा, एवढंच. रजिस्टरने पाठवायचं, पोचपावतीसकट. खरी कंपनी असली तर पावतीवर कुणाचीतरी सही येईल.

हे तातेरावला पटलं. सातवी शिकलेला माणूस, पण अक्षर मोत्यासारखं. शाळेत फळ्यावरचा सुविचार तोच लिहायचा. त्याने एक अख्खा तास घालून पत्र लिहिलं, खाली वळणदार सही केली आणि धम्मानंदच्या तराजूवर ते स्वतः ठेवलं. शकुबाईने त्याला ठाण्यातही नेलं. तिथल्या हवालदाराने तक्रार नीट लिहून घेतली आणि सांगितलं की पैसे ज्या खात्यात गेले ते त्याच दिवशी रिकामं झालंय, शोध चालू राहील. तातेराव सबंध वेळ खालमानेने बसला आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "पावती आल्यावर पुन्हा येऊन तक्रार मागं घिऊ."

पावती येईल तेव्हा येईल. शकुबाईचं डोकं बेण्यापाशी अडकलं होतं. लावणीला दीड महिना होता. बेणं कुणाला विकलं हे तिने दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं होतं. शेजारच्या शिवारातला अमृतराव. सहा एकर हळदीचा धनी, आणि चार वर्षांपूर्वी पहिलं बेणं तिच्याच अंगणातून नेलेला.

ती गेली तेव्हा अमृतरावच्या शेतात हळद शिजत होती. लोखंडी कुकरांतून वाफेचे लोट निघत होते आणि त्या उग्र, मातकट वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. अमृतराव बाजेवर बसून गडी-माणसांवर नजर ठेवून होता.

"या वहिनी. गाडी आली का?"

शकुबाईने ते गिळलं. "भाऊजी, माझं बेणं परत द्या. पैसे फिटंस्तोवर मी तुमच्या रानात काम करते."

"आता कसं द्यावं?" अमृतराव वाईट माणूस नव्हता, पण हिशेबाचा पक्का होता. "यंदा दोन एकर वाढवून राहिलो. तुमचं बेणं म्हणून तर घेतलं. असं दुसरीकडं मिळतं का सांगा. आन तातेरावनं आपण होऊन इकलं, म्या काय वढून न्हाई आणलं."

त्यात खोटं काही नव्हतं. शकुबाईने रानाकडे पाहिलं. पलीकडे दोन एकरांचा नुकताच काढलेला तुकडा पडला होता. ट्रॅक्टरने काढणी केली होती. फाळाने ढेकळं उलथीपालथी झाली होती आणि त्यांत अधूनमधून पिवळं काहीतरी चमकत होतं. ती तिकडे पाहते आहे हे अमृतरावच्या ध्यानात आलं.

"हवं तर सरवा येचा," तो हसत म्हणाला. कुकरजवळचे गडीही हसले. काढणीनंतर रानात राहिलेलं वेचायचा हक्क गावातल्या बिनजमिनीच्या बायांचा असतो. जमीनवाल्याच्या बायकोला सरवा वेच म्हणणं म्हणजे तिला भीक माग म्हणण्यासारखं होतं.

"येचते," शकुबाई म्हणाली. "उद्या सकाळी येते."

घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. पण एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. अमृतरावच्या रानातला गड्डा आणि तिच्या बापाच्या रानातला गड्डा एकाच वाणाचे होते. दुसरीकडून विकतचं बेणं आणून रान भरता आलं असतं, पण ते हे नसतं. तिचं बेणं त्या दोन एकरांच्या ढेकळांत पडलेलं होतं आणि ते वेचायला हात लागणार होते.

उजाडायला ती रानात होती. खुरपं, टोपलं, डोक्याला ओलं फडकं. ढेकूळ फोडायचं, माती चाळायची, हाती लागेल तो कंद झटकायचा. फाळाने कापलेला गड्डा बेण्याला चालत नाही, त्यातून सड शिरते. लहान, बारकाही नको. मुठीत भरेल असा, कोंब फुटायचे डोळे शाबूत असलेला जेठा हवा. तासाभरात तिच्या नखांत माती गेली, दोन तासांत गुडघ्याची कातडी सोलवटली. दुपारपर्यंत टोपल्याच्या तळाशी चाळीसेक गड्डे जमले. तिला लागायचे होते कित्येक हजार.

बांधावरून सहा-सात बाया आल्या त्या त्याच वेळी. पुढे बेबीबाई होती. या शिवारातला सरवा म्हणजे बेबीबाईच्या टोळीचा, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण पंधरा वर्षं तसंच चाललं होतं. शकुबाईला पाहून त्या थबकल्या.

"आक्का, तुमी?" बेबीबाईचा आवाज चढला. "तुमच्या घरी हळद, तुमच्या दारात गाय, आन आता गाडी येऊन राहिली म्हणे. तरी आमच्या तोंडचा सरवा काहून घेऊन राहिल्या?"

शकुबाईने खुरपं खाली ठेवलं. खोटं सांगणं सोपं होतं. गाईला घालायला नेते, असं म्हणून सुटता आलं असतं. नवऱ्याचा मूर्खपणा असा उन्हात पसरून मांडायचं तिच्या जिवावर आलं. पण या बायांच्या ताटातलं ती उचलत होती, आणि उचलणाऱ्याने निदान कारण तरी सांगावं. तिने सांगितलं. पट्टा, पत्र, पेढे, पऱ्हाटी, सगळं. 

कुणी हसलं नाही. बेबीबाई मटकन खाली बसली. तिने कमरेची पिशवी सोडली आणि तंबाखूच्या डबीखालून घडी घातलेला एक कागद काढला. जाड, चकचकीत. वर लाल गाडी.

"हे मला सोमवारी आलं," ती म्हणाली. "उद्या बाजारात शेळ्या नेणार व्हते."

"शेळ्या? दोन्ही?"

"दोन्ही. म्हणलं, तातेराव मालकाला निघाली तर मला काहून न्हाई निघणार?" बेबीबाईने तिच्याकडे सरळ पाहिलं. "आन आक्का, त्या फोनवाल्यानं सांगितलं, माझं नाव तातेरावजीनं दिलं म्हणून."

शकुबाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती तशीच टोपलं टाकून घरी गेली. तातेरावने लपवालपवी केली नाही. साहेबाने विचारलं होतं, तुमच्या गावातली आणखी दहा-बारा चांगली माणसं सांगा, त्यांचीही नावं सोडतीत घालू. मग तातेरावने लग्नाच्या पत्रिकांची यादी करतात तशी वहीत यादी केली होती. गरिबांची नावं आधी. बेबीबाई पहिली. "लई वर्सं तिचं छप्पर गळतंय," तो म्हणाला. "म्हणलं, आपलं झालं, तिचंबी व्हावं."

इतका वेळ शकुबाईला त्याचा राग येत होता. त्या क्षणी तिला त्याची भीती वाटली. हा माणूस वाईट नव्हता, आणि चांगुलपणाच्या भरात त्याने बारा घरांच्या दारात चोर नेऊन उभा केला होता.

"त्या बारा घरी जा आन सांगा, खोटं हाय म्हणून."

"पावती येऊ दे की. खरं निघालं तर त्या लोकायचं नुकसान व्हईल."

ती स्वतः गेली. बायांनी ऐकलं. बाप्यांनी ऐकल्यासारखं केलं. ट्रॅक्टरवाला रणजीत तर तोंडावर म्हणाला, "काकू, काका म्हणतात खरं, तुमी म्हणता खोटं. काकायनं स्वतः सांगितलं तर मानू." त्याने पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती.

तिसऱ्या दिवशी बेबीबाईने रानात तिला हाक मारली. टोळीचं बोलणं झालेलं दिसत होतं. "आक्का, आमी हळकुंड शिजवून इकतो. जेठ्याला तसाबी भाव कमी. तवा असं करू, रानात जे निघंल त्यातला शाबूत जेठा तुमचा, बाकी सारं आमचं. तुमाला घावलेलं हळकुंडबी आमच्या टोपल्यात टाकायचं."

"बराबर हाय," शकुबाई म्हणाली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण बेबीबाई पुढच्या तासाला, म्हणजे फाळाच्या ओळीला, लागलीसुद्धा होती.

मग दिवस सुरू झाले. सकाळी सहा ते अकरा आणि उन्हं उतरल्यावर पुन्हा. सात बायांच्या हातांतून जेठे येत राहिले. कुणी लांबून फेकायची, "घ्या आक्का, थोरलं पोरगं!" म्हणून ओरडायची. आठव्या दिवशी शकुबाईच्या उजव्या अंगठ्याला भेग पडली, तिने तेल-हळद भरून चिंधी बांधली. अमृतराव एकदा बांधावर येऊन उभा राहिला. टोपली पाहिली, बायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, वरचा तुकडा परवा काढतो. गड्याला सांगतो, फाळ जरा वर धरायला. खाली राहील बरंच." त्या दिवसापासून त्याने गाडीचं नाव काढलं नाही. कडुनिंबाखाली पाल्याचा नवा ढीग वाढू लागला. रोज संध्याकाळी शकुबाई त्यात हात घालायची आणि हाताला गड्डा लागायचा.

तातेराव ओट्यावर बसून धम्मानंदच्या सायकलची वाट बघायचा. मधे कंपनीचं दुसरं पत्र आलं. गाडी येऊन थांबली आहे, शेवटचा कर भरा, नाहीतर बक्षीस रद्द. तातेरावची नजर गोठ्याकडे गेली. शकुबाईने ती नजर पकडली.

"तुमचं पत्र पोचू द्या आधी," ती म्हणाली. "कर कापून घ्या म्हणून तुमीच लिहिलंय ना? मग ते वाचल्याबिगर हे कसं मागून राहिले?"

तातेरावने दुसरं पत्र घडी करून खिशात घातलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

धम्मानंद आला तो त्यानंतर सहा दिवसांनी, भर अकराच्या उन्हात. शकुबाई नुकतीच रानातून आली होती. धम्मानंदने पिशवीतून पाकीट काढलं आणि तातेरावपुढे धरलं. पाकिटावर तातेरावचंच मोत्यासारखं अक्षर होतं. पोचपावतीचं कार्ड कोरंच चिकटलेलं होतं. पत्त्यावर एक आडवी रेघ मारलेली होती आणि शिक्क्याशेजारी लाल शाईत लिहिलं होतं : असा पत्ता नाही, पाठवणाऱ्यास परत.

"सही करा काका," धम्मानंद म्हणाला. "परत आलेलं रजिस्टरबी सही करूनच घ्यावं लागतं."

तातेरावने सही केली. या वेळी ती वळणदार नव्हती. पाकीट उलटंपालटं करून त्याने तीनदा पाहिलं. ते फोडलेलंही नव्हतं. मग त्याने कमरेचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि ओट्याच्या कोपऱ्यात टाकला.

"शकू," तो म्हणाला, "म्या तुझ्या बापाचं बेणं इकलं."

तो रडला. पन्नाशी ओलांडलेला, पोती वाहिलेला माणूस बायको आणि पोस्टमनसमोर हुंदके देऊन रडला. शकुबाईने त्याला रडू दिलं. बरं वाटलं तिला, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. तो थांबल्यावर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तोंड धुवा आन देवळात जा. ज्या भोंग्यावरून अभिनंदन झालं त्याच्यावरूनच हेबी सांगा. रणजीत उद्या पैसे भरायला जाऊन राहिला."

तातेरावने तोंड धुतलं, टोपी घातली. शकुबाई बरोबर निघाली तर त्याने हाताने थांबवलं. ती मग ओट्यावरच उभी राहिली. थोड्या वेळाने भोंगा खरखरला.

"मी तातेराव बोलून राहिलो," आवाज आला. गल्लीतली माणसं थांबली. "मागं इथूनच सांगितलं व्हतं, मला गाडी मिळाली म्हणून. ते खोटं हाय. मला फसवलं. माझं पत्र परत आलं, त्या पत्त्यावर कुनी ऱ्हातच न्हाई. हे माझ्या हातात हाय, ज्याला बघायचं त्यानं यावं." भोंग्यातून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "आन गावातली बारा नावं त्यायला म्या दिली. नावं वाचून दाखवतो. ज्यायला पत्र आलं त्यायनं एक रुपाया भरू ने. ज्यायचं नुकसान झालं असंल त्यायनं मला माझ्या दारात येऊन शिव्या द्याव्या." मग त्याने बारा नावं वाचली, सावकाश, बापाच्या नावासकट. पहिलं बेबीबाईचं, शेवटचं रणजीतचं.

शिव्या द्यायला कुणी आलं नाही. रणजीत मात्र आला. त्याने परत आलेलं पाकीट हातात घेऊन पाहिलं, डोकं खाजवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी तातेराव खुरपं घेऊन अमृतरावच्या रानात हजर झाला. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून तो ढेकळांत फतकल मारून बसला आणि बसल्या बसल्या पुढे सरकत वेचू लागला.  बेबीबाईने खुरप्याने शेजारची ओळ दाखवली. "मालक, त्या तासाला म्या जाऊन आले. तुमी ह्याला बसा." त्या दिवसात तातेरावला एकोणीस जेठे सापडले. त्यातले चार कापलेले होते, ते शकुबाईने बाजूला काढले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मोटारीच्या पाण्यावर लावण केली. वीस गुंठ्यांत बत्तीस सऱ्या पडल्या होत्या. शकुबाई पुढे, तातेराव मागे सरकत, एकेक गड्डा कोंबाचे डोळे वर ठेवून मातीत दाबत होते. बांधावरून रणजीतचा ट्रॅक्टर चालला होता. त्याने वेग कमी केला.

"काय गाडीवाले!" तो ओरडला. हे नाव आता तातेरावला जन्मभर चिकटणार हे शकुबाईला कळून चुकलं होतं. "आली का गाडी?"

तातेरावने मान वर केली. "न्हाई आली," तो तेवढ्याच मोठ्याने म्हणाला. "येणारबी न्हाई. तुला पुन्हा पत्र आलं तर फोडायच्या आधी माझ्याकडं आण."

रणजीत हसला, पण हात वर करून गेला. शकुबाईने मागे वळून पाहिलं नाही, तरी तिला बरं वाटलं.

एकविसाव्या सरीत बेणं संपलं. पोतं झटकलं तर खाली माती पडली. अकरा सऱ्या रिकाम्या राहिल्या. तातेराव पहिल्या रिकाम्या सरीच्या तोंडाशी बसला.

"ह्या मोकळ्याच राहू दे," तो म्हणाला. "झाकायचं न्हाई काही. येताजाता दिसतील मला. ध्यानात राहील."

शकुबाईने अंगठ्याची चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधली. तिच्या डोक्यात पुढच्या सालचे जेठे मोजून झाले होते. या एकवीस सऱ्यांतून निघतील ते बत्तीसांना पुरून उरणार होते.

"भुईनं काय केलं तुमचं?" ती म्हणाली. "उडीद टाका."

तातेराव कमरेला हात लावून उठला आणि उडदाचं गाडगं आणायला घराकडे चालू लागला.